इसोनामीला हरायचं होतं

इसोनामी पहिल्यांदा सिंगापूरमधल्या नोव्हेनाच्या फिजिओथेरपी सेंटरमध्ये आला, तेव्हा रिसेप्शनवरच्या मुलीने लगबगीने उठून त्याच्यासाठी दोन खुर्च्या एकमेकींना चिकटवल्या. त्या जोडखुर्चीकडे बघून तो हसला, कमरेतून वाकून त्याने तिचे आभार मानले आणि पुढचा अर्धा तास उभाच राहिला. डाव्या गुडघ्यात हाडावर हाड घासत होतं, तरी उभा. तिथल्या फिजिओथेरपिस्ट गिरिजा काळसेकरने आतलं दार उघडलं तेव्हा त्याचा शर्ट घामाने पाठीला चिकटला होता आणि चेहऱ्यावर पाहुण्याचं हसू होतं. कुणी आपल्यासाठी काही सोपं करून दिलं की हा माणूस आतून पेटतो, हे तिला तेव्हाच कळायला हवं होतं. नाही कळलं. गिरिजा हुशार होती, पण तिची हुशारी हाडं आणि स्नायू यांच्यापुढे फारशी जात नसे.

तो कोण आहे हे तिला दुसऱ्या खेपेला कळलं. एका म्हाताऱ्या जपानी पेशंटने त्याला बघितलं आणि भिंतीला पाठ लावून, मान खाली घालून वाट करून दिली. इसोनामी म्हणजे तीन मोठ्या स्पर्धा जिंकलेला सुमो पैलवान. त्या खेळातलं सर्वांत वरचं पद योकोझुनाचं. इसोनामी त्याच्या एकच पायरी खाली पोचला होता आणि तिथूनच कोसळला होता. आता पन्नाशीला टेकलेला हा माणूस तांजोंग पगारला पैलवानी रश्श्याचं छोटं रेस्टॉरंट चालवत होता. दुपारी ऑफिसांतली पोरंपोरी यायची, तो भाज्या-मांसाचा रस्सा ओरपायची आणि जाताना त्याच्या पोटावर हात ठेवून सेल्फी काढायची. तो बिनतक्रार पोट पुढे करायचा. दुकान आवरलं की एमआरटीच्या मेट्रोने यिशुनच्या भाड्याच्या फ्लॅटवर एकटा जायचा. बायको केव्हाच ओसाकाला परत गेली होती. जाताना म्हणाली होती, मी माणसाशी लग्न केलं होतं, गुडघ्याशी नाही.

तो गुडघा आता बदलायचा होता. सर्जनने तारीख दिली होती आणि तोवर मांडीत जोर आणायचं काम गिरिजाकडे आलं होतं. अंगात साखर मुरलेली, जखम चिघळली तर पाय जायची भीती, म्हणून सर्जनने दोघांना समोर बसवून बजावलं होतं की ऑपरेशनपर्यंत या पायाला झटका बसता कामा नये.

"दुखलं तर सांगा," गिरिजा पाय वाकवताना म्हणायची.

"सांगून काय होतं, सेन्सेई?" तो विचारायचा. सेन्सेई म्हणजे गुरू. तिकडे डॉक्टरलाही तेच म्हणतात. त्याचं इंग्रजी तोडकंमोडकं होतं, पण प्रत्येक शब्द तो जोखून ठेवायचा.

त्याच्या आयुष्याची गोष्ट तिला अशीच कळत गेली, पाय वाकवता वाकवता. उत्तरेकडच्या एका कोळ्यांच्या गावातलं ते दांडगं पोर. पंधरा वर्षांचा असताना तालमीचा मालक गावात आला, त्याने पोराची मांडी चाचपून बघितली आणि बापाने त्याच दिवशी त्याला गाडीत बसवून दिलं. तालमीत धाकट्यांनी पहाटे उठायचं, थोरल्यांची पाठ घासायची, त्यांच्यासाठी रांधायचं आणि जेवायचं सगळ्यांत शेवटी, तळाशी उरलेलं. मग अंग वाढावं म्हणून तेच पोटात कोंबायचं. ओकारी आली तर ओकायचं आणि पुन्हा वाडग्याला बसायचं. आई गेली त्या आठवड्यात स्पर्धा होती, म्हणून त्याला आधी कुणी सांगितलंच नाही. सांगितलं तेव्हा मालक म्हणाला, आज रडलास तर उद्या हरशील. तो दुसऱ्या दिवशी जिंकला.

मार तर रोजचाच होता. बांबूची काठी, पट्ट्याचं टोक, कधी तोंडात मूठभर माती. "या माराला आमच्याकडे एक शब्द आहे," तो म्हणाला. "त्याचा अर्थ होतो लाड."

"लाड?" गिरिजाचा हात थांबला.

"लाड. माझे खूप झाले. मग मी हारुयामाचे केले."

हारुयामा त्याच्याहून दहा-अकरा वर्षांनी लहान, त्याच तालमीतला. त्याचं अंथरूण घालणारा, पाठ घासणारा पोरगा. इसोनामीने त्याला आपली छाती दिली. हा तिथला रिवाज. थोरल्याने पाय रोवून उभं राहायचं आणि धाकट्याने धावत येऊन त्याच्या छातीवर आदळायचं, त्याला ढकलत रिंगणाच्या दुसऱ्या टोकाला न्यायचं. नेता आलं नाही की थोरला त्याला उचलून मातीत आपटतो आणि म्हणतो, पुन्हा. धाकटा उठतो. पुन्हा आपटतो. पाय लटपटायला लागले, तोंडातून फेस आला, तरी पुन्हा. हारुयामा दोनदा पळून गेला. दोन्ही वेळा इसोनामीने त्याला स्टेशनावरून कॉलर धरून आणला आणि त्याच्या भुवईवर काठीने अशी खूण ठेवली, की ती जन्मभर गेली नाही. हे सांगताना इसोनामीच्या आवाजात ना पश्चात्ताप होता ना फुशारकी. गिरिजाला त्या रात्री जेवण गेलं नाही.

"आणि या सगळ्याची परतफेड?" तिने पुढच्या खेपेला जरा तोडूनच विचारलं.

"ती त्याने केली." पहिल्यांदाच त्याचा चेहरा उजळला. "ज्याने छाती दिली त्याला रिंगणात हरवायचं, यालाच आमच्याकडे ऋण फेडणं म्हणतात. दुसरी रीत नाही."

एका तालमीतल्या दोघांची स्पर्धेत कधी गाठ घालत नाहीत. पण शेवटच्या दिवशी दोघं बरोबरीत सुटले तर विजेता ठरवायला एक जादा कुस्ती होते, आणि तिला हा नियम लागत नाही. इसोनामी योकोझुना होण्याच्या उंबरठ्यावर होता. ती एक कुस्ती जिंकली असती तर झालाच असता. समोर आला हारुयामा. त्याने आपल्या गुरुबंधूला असं काही फिरवून आपटलं, की डाव्या गुडघ्याचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला. पद गेलं, गुडघा गेला, पुढे वर्षभरात सगळंच गेलं. "मी मातीत पडून रडलो," इसोनामी म्हणाला. "दुखत होतं म्हणून नाही. त्याने जरासुद्धा राखून ठेवलं नव्हतं."

खरं वाईट त्यानंतर सुरू झालं. मोडका गुडघा बांधून तो खेळतच राहिला आणि समोरचे त्याला सांभाळून घ्यायला लागले. कुणी उघड काही करत नसे. फक्त अंगावर येणारे हात मऊ व्हायला लागले. आदळायच्या आधी एक क्षण समोरचा गडी श्वास सोडायचा, आणि इसोनामीला ते कातडीतून कळायचं. कारकिर्दीतली शेवटची कुस्ती तो जिंकला. समोर एक विशीतला पोरगा होता, तो पाय घसरल्यासारखं करून रेषेबाहेर गेला. लोकांनी डोळे पुसले. पेपरांनी फोटो छापले. इसोनामीने दुसऱ्या दिवशी निवृत्ती जाहीर केली.

"माझी शेवटची कुस्ती खोटी आहे," तो म्हणाला. "सेन्सेई, मला ती बदलायची आहे."

कशी, ते पुढच्या आठवड्यात कळलं. निवृत्त पैलवानांचा एक जथा प्रदर्शनी कुस्त्यांसाठी सिंगापूरला येत होता. त्यात हारुयामा होता. तोही आता निवृत्त, पण अंगात अजून भरपूर दम होता, आणि मधल्या काळात तो योकोझुनाही होऊन गेला होता. इसोनामीने त्याला निरोप पाठवला होता, की माझ्याशी एक कुस्ती खेळ. नाटकी नको, खरी.

गिरिजा खुर्चीवरून उठलीच. "वेड लागलंय का तुम्हाला? तुम्ही जिंकूच शकत नाही."

"मला जिंकायचं नाहीये. मला हरायचंय." लहान मुलाला समजावावं तसं तो म्हणाला. "त्याने एकदाच, जीव तोडून, मला बाहेर फेकावं. मग तुम्ही हा गुडघा काढून फेकून द्या. मला चालेल."

तिने सर्जनला फोन करायची धमकी दिली. तो म्हणाला, करा. सर्जनने त्याला झापलं, त्याने वाकून माफी मागितली आणि दुसऱ्या दिवशी गिरिजाला कुस्तीची दोन तिकिटं आणून दिली.

आता गिरिजाच्या घराबद्दल सांगायला हवं, कारण पुढचा घोळ तिने घरातूनच उचलला. क्वीन्सटाउनच्या फ्लॅटमध्ये ती, बँकेत असलेला तिचा नवरा निशिकांत, शाळेत जाणारी मुलगी ऋता आणि सासरे बाबाजी. बाबाजी मालवणचे, जन्मभर जहाजांवर इंजिनियर, आणि जहाजांवरचे कॅरमसम्राट. बोट डोलली की कॅरमचा पट कलतो, सोंगट्या घरंगळायला बघतात. बाबाजी म्हणे लाटेचा अंदाज घेऊन स्ट्रायकर मारत आणि कलत्या पटावरून राणी नेमकी भोकात घालत. सासूबाई गेल्यावर निशिकांतने त्यांना इकडे आणलं. पुढे हाताला कंप सुटला. स्ट्रायकर एका दिशेला धरायचा आणि तो जायचा भलतीकडेच.

तेव्हा गिरिजाने एक युक्ती काढली. दर रविवारी चहानंतर कॅरम मांडायचा आणि सगळ्यांनी बाबांना जिंकू द्यायचं. निशिकांत सोप्या सोंगट्या चुकवायचा. ऋताला तर अभिनयाची आवडच होती. मुद्दाम फाउल करून ती कपाळावर हात मारून घ्यायची. गिरिजा राणी भोकाच्या तोंडाशी नेऊन ठेवायची, की बाबांच्या थरथरत्या बोटाने नुसता धक्का लागला तरी आत जावी. म्हातारा खूश. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत चारचौघांत सांगायचा, "मला हरवणारा सिंगापुरात अजून जन्माला यायचाय." लोक हसायचे. बाबाजीही त्यांच्यात हसायचे. गिरिजाला आपल्या या युक्तीचा फार अभिमान होता. माया कशी करावी हे आपल्या घरून शिकावं, असं तिला मनापासून वाटायचं.

कुस्तीच्या आदल्या दिवशी इसोनामी हारुयामाला घेऊन सेंटरमध्ये आला. हारुयामा दारातून आत येताना जरा तिरका झाला, इतका तो रुंद होता. भुवईवरची पांढरी खूण तशीच होती. इसोनामीला बूट घालायला-काढायला वाकता येत नसे. तो स्टुलावर बसताच या योकोझुनाने चटकन गुडघे टेकले, त्याच्या पायातले बूट काढले आणि नीट जोडून ठेवले. उपचार चालू असताना तो बाहेर उभा राहिला. इसोनामी कपडे बदलायला लागला तेव्हा गिरिजा लगबगीने बाहेर आली आणि त्याला कॉरिडॉरच्या टोकाला घेऊन गेली.

पेशंटचं दुखणं तिसऱ्याला सांगायचं नसतं, हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही. तरी तिने सांगितलं. गुडघ्यात काय उरलंय, साखर किती आहे, पाय जाऊ शकतो, सगळं. हारुयामाला इंग्रजी बऱ्यापैकी येत होतं. निवृत्तीनंतर तो असे दौरेच करत होता.

"थोडं हळू घ्या," ती म्हणाली. "त्यांना जिंकू द्या."

"त्यांच्याशी मी हळू कसा खेळू?" हारुयामाचा चेहरा पडला. "त्यांनी मला छाती दिली आहे."

"म्हणूनच. अहो, आमच्या घरी म्हाताऱ्या माणसाला जिंकू देतात. माझे सासरे दर रविवारी कॅरममध्ये आम्हाला हरवतात. त्यांचे हात कापतात, आम्ही मुद्दाम चुकतो. त्यांना कळतही नाही. किती आनंदात असतात! यात अपमान कुठे आला? ही तर माया झाली."

हारुयामाने विचारलं, "नाहीतर पाय जाईल?"

"जाईल."

तो तिच्यापुढे कमरेतून वाकला. गिरिजाला वाटलं, आभार मानतोय. घरी जाताना ती इतकी हलकी झाली होती, की वाटेत उतरून तिने सगळ्यांसाठी नारळ-अंड्याच्या जॅमचा कया टोस्ट घेतला.

दुसऱ्या दिवशी इनडोअर हॉल भरून गेला होता. मधोमध दोन फूट उंच चौथरा, त्यावर गवती दोरखंडाचं गोल रिंगण. नियम सोपा: दोराबाहेर पाय पडला किंवा पायाच्या तळव्यांखेरीज अंगाचं काहीही जमिनीला टेकलं की हरलात. गिरिजा दुसऱ्या तिकिटावर बाबाजींना घेऊन आली होती. म्हाताऱ्याने इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि कापणारे हात मांडीखाली दाबून ठेवले होते.

इसोनामी चौथऱ्यावर चढला तेव्हा गिरिजाला तो ओळखू आला नाही. पोटावर हात ठेवून फोटो काढू देणारा दुकानदार कुठेच नव्हता. त्याने रिवाजाप्रमाणे मीठ उधळलं, पाय उचलला, तो दुखरा पायसुद्धा खांद्याएवढा उचलून खाली आदळला. हारुयामाकडे त्याने असं बघितलं, की त्या नजरेत एकच मागणं होतं, आणि ते हॉलमधल्या लहान पोरालाही वाचता आलं असतं.

दोघं आदळले. इसोनामीने उरलंसुरलं सगळं त्या एका धक्क्यात घातलं. हारुयामाचे हात त्याच्या खांद्यांवर आले, आणि ते मऊ होते. हारुयामा एक पाऊल मागे सरला, मग दुसरं, आणि मग दोरखंडावरून अलगद बाहेर उतरला. प्रेक्षक उठून उभे राहिले. गिरिजानेही टाळी वाजवली. आणि टाळीसाठी हात उचललेले असतानाच तिला दिसलं, की इसोनामी थांबू शकत नाहीये. हारुयामा समोर भिंतीसारखा उभा राहील या भरवशावर त्याने सगळं वजन पुढे फेकलं होतं, आणि समोर कुणीच नव्हतं. तो चौथऱ्याच्या कडेवरून तसाच खाली गेला. डावा पाय वरच अडकला आणि आडवा फिरला.

समोरच्याने जोर लावला असता तर तो चौथऱ्यावरच तोलला असता. फार तर मागे पडला असता, मातीत. हाडांचं आणि वजनांचं शिक्षण घेतलेल्या बाईला हे आदल्या दिवशीच सुचायला हवं होतं. ती खुर्च्या ओलांडत धावली, पण ती पोचायच्या आत इसोनामी उठला होता. स्ट्रेचर आलं. त्याने ते हाताने बाजूला सारलं. जिंकलेल्या पैलवानाने रिंगणात परत जाऊन, उकिडवं बसून विजय स्वीकारायचा असतो. तो तीन माणसांच्या खांद्यांना धरून चौथऱ्यावर चढला, त्यांना दूर केलं आणि त्या फाटक्या गुडघ्यावर जमेल तेवढा वाकला. पंचाने त्याचं नाव पुकारलं. नको असलेला विजय त्याने मान लववून घेतला. हारुयामा समोर उभा होता आणि त्याचे खांदे हलत होते. लोकांना वाटलं, काय सुंदर खेळ, काय हे प्रेम! टाळ्या संपेचनात.

परत येताना एमआरटीत बाबाजी म्हणाले, "तो धाकटा मुद्दाम गेला."

"काहीतरीच काय, बाबा."

"वादळात बोटीचा मागचा पंखा पाण्याबाहेर येतो, माहीत आहे? मग इंजिनावर भारच राहत नाही. असं सुसाट पळतं, की फुटायला बघतं. तसा गेला तुझा पेशंट." त्यांनी मान हलवली. "इतक्या मोठ्या माणसाची अशी थट्टा करू नये कुणी."

गिरिजा खिडकीच्या काचेत आपला चेहरा बघत राहिली आणि क्वीन्सटाउन आल्यावर बाबांच्या मागोमाग उतरली.

गुडघ्याचे सगळे बंध तुटले होते. ऑपरेशन झालं, जखम चिघळली, दुसरं ऑपरेशन झालं, साखर काही केल्या उतरेना. शेवटी मांडीच्या मध्यापासून पाय काढावा लागला. दुकानाच्या दारावर कुणीतरी पुठ्ठ्यावर 'बंद' लिहून लावलं. गिरिजा हॉस्पिटलमध्ये रोज जायची म्हणायची आणि खालच्या कॉफीच्या टपरीवरूनच परत यायची. एक दिवस वर गेली.

तो उशीला टेकून बसला होता. चादर एका बाजूला सपाट होती. तिला बघून त्याने बसल्या बसल्या मान लववली आणि म्हणाला, "सेन्सेई, उभ्या राहू नका. खुर्ची आहे."

ती बसली. "हारुयामाला मी सांगितलं होतं," ती म्हणाली आणि तिला रडू फुटलं. "तुमचा पाय वाचावा म्हणून."

"माहीत आहे. तो इथे येऊन रडला. मी त्याचे इतके लाड केले, तेव्हा कधी रडला नव्हता." तो रागावलेला नव्हता. तो रागावला असता तर तिला बरं वाटलं असतं. "पाय जायचाच होता, सेन्सेई. आज ना उद्या. पण एक कुस्ती मला मिळणार होती. आता ती कुणी देऊ शकत नाही. एका पायाच्या माणसाशी कोण खरं खेळेल?"

तो खिडकीबाहेर बघत होता. मग अचानक त्याने विचारलं, "तुमचे सासरे. हारुयामाने सांगितलं मला. तुम्ही सगळे मुद्दाम हरता, ते त्यांना माहीत आहे?"

"नाही."

"त्यांचे हात आहेत ना?"

"आहेत. कापतात खूप, पण आहेत."

"मग?" इसोनामी म्हणाला.

नर्स आली तेव्हा गिरिजा उठली, त्याला नमस्कार केला आणि निघाली.

त्या रविवारी चहा झाला. ऋताने सवयीने कॅरमचा पट मांडला, बोरिक पावडर भुरभुरवली. बाबाजी बाह्या सरसावून बसले. "चला, कोण हरणार आज?" त्यांनी नेहमीसारखं विचारलं.

गिरिजा समोर बसली. लहानपणी पुण्याला चाळीच्या गॅलरीत भावांना रडवून सोडणारी पोरगी होती ती, हे या घरात कुणाला ठाऊकच नव्हतं. तिने स्ट्रायकर ठेवला आणि पहिल्या फटक्यात पांढरी सोंगटी आत घातली. मग दुसरी. मग बाजूवरून उलटी मारून तिसरी. निशिकांतने मोबाइलमधून डोकं वर काढलं आणि तिला डोळ्यांनी खुणावलं. तिने बघितलं नाही. राणी घेतली, तिला कव्हर घातलं. बाबाजींची पाळी आली, त्यांच्या बोटाने स्ट्रायकर वेडावाकडा गेला, एकाही सोंगटीला लागला नाही. पुढच्या पाळीत गिरिजाने पट साफ केला. बाबाजींच्या काळ्या सोंगट्या सगळ्याच्या सगळ्या जागच्या जागी होत्या.

बाबाजी त्या काळ्या सोंगट्यांकडे बघत होते.

"तू याआधी अशी कधी खेळली नाहीस."

"नाही, बाबा."

"तुला येत होतं?"

"हो."

त्यांनी सावकाश मान वळवली. "निशिकांत, तूपण?"

निशिकांत उठून पाणी आणायला गेला. पन्नाशीकडे निघालेला बँकेतला साहेब बापासमोर उभा राहू शकला नाही.

"ऋता?"

ऋताला कुणीच शिकवून ठेवलं नव्हतं. "आजोबा, एव्हरीवन वॉट," ती तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली. "सो यू वोन्ट बी सॅड, लाह."

म्हाताऱ्याचा चेहरा एकदम लहान झाला. मंडळात आपण काय काय बोललो, लोक कशाला हसत होते, हे सगळं एकेक करून त्याच्या चेहऱ्यावरून गेलं आणि गिरिजाने ते सगळं बघितलं. मान वळवावी असं तिला फार वाटलं. तिने वळवली नाही. हॉस्पिटलच्या पलंगावरच्या त्या माणसाने दिलेलं शिक्षण ती दुसऱ्याच्या अंगावर गिरवत होती, आणि ते बरोबर आहे की नाही हे तिला अजिबात कळत नव्हतं.

"बास आता," निशिकांत स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाला. "गिरिजा, काय चालवलंयस तू? उचल तो पट."

"हात लावू नकोस," बाबाजी म्हणाले. इंजिनरूममध्ये माणसांवर ओरडण्याचा जो आवाज त्यांना होता, तो या घरात पहिल्यांदाच ऐकू आला. त्यांनी उजवं मनगट डाव्या हाताने घट्ट धरलं, कंप थोडा कमी झाला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायला आता हात मोकळा नव्हता.

"मांड परत," ते म्हणाले.

गिरिजाने मांडला आणि त्यांना हरवलं. धरलेल्या मनगटाने त्यांनी स्ट्रायकर मारला तो पटाबाहेर उडाला, ऋताने तो सोफ्याखालून काढून दिला. "परत," ते म्हणाले. तिने परत मांडला आणि परत हरवलं. बाहेर अंधार पडला, निशिकांत दार लावून आतल्या खोलीत जाऊन बसला, ऋता तिथेच रडत रडत झोपली. शेवटी केव्हातरी बाबाजींची एक काळी सोंगटी, कडेला घासत घासत, भोकात गेली. ती खरी होती. आपली पाळी आल्यावर गिरिजाने राहिलेल्या सगळ्या पांढऱ्या घेतल्या, आणि म्हाताऱ्याने मान वर न करता, कापत्या हातांनी सोंगट्या पुन्हा मधोमध गोळा करायला घेतल्या.